पुलापाशी थांबलेली घसरगाडी

वीत्स्के माझी मैत्रीण. नेदरलंड्समधल्या फ्रीसलंड प्रांतातल्या आमच्या गावात ती लहान मुलांची वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. मी साहित्य शिकले. मला वाटायचं, ती दिवसभर मुलांकडून शब्द घोकून घेत असेल. प्रत्यक्षात ती जमिनीवर बसते, साबणाचे फुगे उडवते आणि मध्येच थांबते. मग मुलाकडे बघत राहते.

तिच्याकडे येणारा येल्मर अडीच वर्षांचा. कान तपासले होते, उत्तम होते. समजायचं सगळं. शब्द मात्र एकही नाही. आई कामावर गेली की त्याला आजोबा सांभाळायचे. रिन्से आजोबा, बर्फावरच्या शर्यती जिंकलेला माणूस. नातवाने नुसतं बघायचा अवकाश, बिस्किट हजर.

"त्याला मागायला थोडी जागा ठेवा," वीत्स्के आजोबांना म्हणाली. "गंमत मध्येच थांबवायची. त्याच्याकडे बघायचं. गप्प बसायचं."

"मला गप्प बसायला शिकवतेस, पोरी? जन्म गाईंमध्ये गेलाय माझा."

"गप्प बसाल हो. पण त्याच्यासाठी थांबाल का?"

आजोबा खाली बघत म्हणाले, "एक तरी शब्द ऐकायचाय गं त्याचा."

"बघू या," ती म्हणाली. वचन दिलं नाही.

जानेवारीत कालवा गोठला. सगळं गाव बर्फावर उतरलं. आजोबा नातवाची घसरगाडी ढकलत सुसाट निघाले आणि पुलापाशी थांबले. पुढे येऊन त्याच्यासमोर उकिडवे बसले. गप्प.

येल्मरने पाय झाडले. गाडी हलेना.

"काय रिन्से, दम संपला?" शेजारच्या आउकेबाई ओरडून पुढे गेल्या. त्यांनी रिन्सेंना मागे टाकलं होतं! आजोबांचे कान लाल झाले. तरी ते हलले नाहीत. काठावरून मीच ढकलायला निघाले, तर वीत्स्केने माझी बाही धरली.

येल्मरने आजोबांकडे बघितलं. बराच वेळ.

"चल!"

आजोबा उठताना जवळजवळ पडलेच. गाडी सुटली. मी आ वासून उभी. इतकी वर्षं पुस्तकं वाचली, पण शब्दाने असं काही जागचं हललेलं बघितलं नव्हतं.

थोडं पुढे जाऊन ते पुन्हा थांबले. "चल!" निघाले. पुन्हा थांबले. "चल!" या वेळी मात्र नुसतेच ऐकत उभे राहिले.

"आजोबा, लबाडी नको!" वीत्स्के काठावरून ओरडली. "त्याने म्हटलं की निघायचं! नाहीतर तो कशाला बोलेल?"

आउकेबाई परतल्या. "अजून इथेच?"

"मालक विश्रांती देत नाहीत," आजोबा म्हणाले आणि हातमोज्याने डोळे पुसू लागले.

पुढून हुकूम आला. डोळे तसेच ओले ठेवून ते निघाले.