सहा बटणांचं स्वेटर

घड्याळजींना कुणी "कसे आहात?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "काल रात्री ही दोनदाच उठली." प्रश्न आपल्याबद्दल आहे, हे त्यांच्या डोक्यातच येत नसे. चार वर्षांपूर्वी बायकोला अर्धांगवायूचा झटका आला, महिन्याभरात त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान विकलं. तेव्हापासून पंचाहत्तरीचा हा माणूस तिच्या गोळ्यांपासून सहा बटणांच्या स्वेटरपर्यंत सगळं घड्याळाच्या काट्यावर करत होता.

आता त्यांचेच डोळे दगा देत होते. मोतीबिंदू पिकला होता आणि परवा सकाळची गोळी रात्रीच्या डबीत गेली होती. डॉक्टरांनी दोनदा ऑपरेशनची तारीख दिली, यांनी दोनदा मोडली. आठवडाभर वाकायचं नाही म्हणे! मग हिची बटणं कोण लावणार? डावा हात लुळा, उजवा थरथरता.

शेवटी आरोग्य केंद्राने घरच्या माणसाची सेवा करणाऱ्या म्हाताऱ्यांसाठीच्या योजनेतून एक निवृत्त नर्सबाई धाडल्या. बुधवारी दोन तास त्या घरी बसणार, घड्याळजींनी बाहेर जायचं. पहिल्या बुधवारी ते जिन्यातच बसले. दुसऱ्या बुधवारी कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत मजल गेली. पण दोघी आत करतात तरी काय, हे कुतूहल त्यांना स्वस्थ बसू देईना. तिसऱ्या बुधवारी छत्री विसरल्याचं निमित्त करून ते अर्ध्या तासात परतले आणि दार हळूच लोटलं.

बायको स्वेटरची बटणं लावत होती. एका हाताने. चौथं निसटलं, तिने पुन्हा धरलं. नर्सबाई शेजारी खुशाल पेपर वाचत होत्या.

घड्याळजींना आधी रागच आला. म्हणजे ही मला फुकट राबवत होती? पण बंद पडलेलं घड्याळ समोर आलं की ते चिडायचे कमी, उघडून बघायचेच जास्त. कधीपासून जमतं, त्यांनी विचारलं. दोन वर्षं झाली, ती अडखळत म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, दुकान गेल्यावर तुम्ही भिंतीकडे बघत बसायचात. बटणं लावताना तेवढा चेहरा दुकानातल्यासारखा व्हायचा. ते कसं काढून घेऊ?"

नर्सबाईंनी पेपर दुमडला आणि ऑपरेशनची तारीख घ्यायला दवाखान्यात फोन लावला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नर्सबाईंबरोबर पट्टी काढायला जायचं होतं. बायकोने त्यांना खुर्चीत बसवून शर्टाची बटणं लावायला घेतली. वीस मिनिटं लागली. त्यांचे हात दोनदा उठले, दोनदा त्यांनी ते मांडीवर परत ठेवले. पहिलंच बटण चुकल्याने सगळी ओळ एका काजाने सरकली होती. शर्टावरून बोटं फिरवताच त्यांना ते कळलं, पण त्यांनी ती तशीच ठेवली.

पट्टी काढून डॉक्टरांनी विचारलं, कसे आहात?

घड्याळजी सवयीने "काल" म्हणाले आणि थांबले. खाली बघून त्यांनी तिरका शर्ट नीट न्याहाळला.

"थकलोय हो," ते म्हणाले.