पत्रिकेखाली झाकलेले पर्याय

सायक्लोस्टाइलच्या शाईला रॉकेलसारखा उग्र वास असे. कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात तो मिसळला की नागपूरच्या इतवारीतल्या शिंप्याच्या दुकानावरची ती शिकवणीची खोली काठोकाठ भरून जाई. खालून शिलाई यंत्राची लय वर येत राही, आणि तिच्यावरून सरांचा आवाज येई, "पर्याय झाका!"

वीस-पंचवीस हात एकदम हलत. प्रत्येकाजवळ जुन्या लग्नपत्रिकेचा एक जाड तुकडा असे. सर नात्यागोत्यांतून पत्रिका गोळा करत आणि कापून वाटत. काहींच्या कोपऱ्यावर हळदीचा पिवळा डाग तसाच राहिलेला असे. प्रश्न वाचायचा, त्याखालचे चार पर्याय पत्रिकेने झाकायचे आणि मधल्या कोऱ्या जागेत आपल्या शब्दांत एक वाक्य लिहायचे. ते लिहून झाल्यावरच पत्रिका उचलायची. चोरून पाहणारा सापडला की सर म्हणत, "काहून गा, वऱ्हाड आलं नाही अन् तू जेवाले बसला?"

सत्तरच्या दशकाची अखेर होती ती. बँकांच्या भरती परीक्षेत तर्कशक्तीचा पेपर असे. त्यात चार ओळींचा युक्तिवाद देऊन विचारत, खालीलपैकी कोणत्या विधानाने या निष्कर्षाला बळकटी मिळते? हुशार मुलेही तिथे अडखळत. सर खाप्याचे, कन्हानच्या काठावर वाढलेले. त्यांचे शिकवणे नदीवाचून पुढे सरकत नसे. "कारण या थडीवर, निष्कर्ष त्या थडीवर. मधात पाणी किती, ते पहिले पहा. पूल मग शोधा."

मी मराठीची एम.ए. होते. कविता लिहीत होते आणि घरी स्थळे येत होती. मला नोकरी हवी होती, मिळेल त्या गावी. बाबांना ती नागपुरात मिळाली तरच हवी होती. मी सरांची विद्यार्थिनी होते आणि अनुवादकही. परीक्षा इंग्रजीत असली तरी विचार आधी घरच्या भाषेत व्हावा हा त्यांचा हट्ट. म्हणून त्यांचे प्रश्न मराठीत करून लोखंडी टोकाने मेणकागदावर कोरण्याचे काम माझ्याकडे आले होते.

एक प्रश्न असा होता: एका वाचनालयाने कूलर बसवला, त्या उन्हाळ्यात वाचक वाढले, म्हणून कूलरमुळेच वाचक वाढले. मूळ मजकूर मला फार कोरडा वाटला. वाक्ये एकमेकांपासून फटकून उभी होती. मी मध्ये एक ओळ घातली, 'उन्हाने होरपळलेले लोक गारव्याच्या ओढीने तिकडे वळले.' ओळ कानाला गोड लागत होती. मी समाधानाने कागद सरांपुढे ठेवला.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे होरपळलेले लोक कुठून आले वं?"

"मी घातले, सर. वाक्य तुटक वाटत होतं."

"तुटकच पाहिजे ना, पोरी! पोट्ट्यांनी पाण्यात उतरावं म्हणून ती जागा सोडली. तू पूल बांधून वर तोरण लावलं. आता ते काय करतील, फोटो काढतील?"

सगळी खोली हसली. मी लाल झाले. मग सरांनी तोच प्रश्न फळ्यावर लिहिला, माझ्या ओळीवाचून. एक मुलगा उत्साहाने म्हणाला, "सर, कूलरमुळे हवा गार होते, याने बळकटी येते."

"खरं आहे. पण खरं असणं वेगळं अन् कामी येणं वेगळं. समज, त्या साली साऱ्याच वाचनालयांत गर्दी वाढली असंल, परीक्षेपायी. मग?"

मुलगा फळ्यावरचा प्रश्न पुन्हा वाचू लागला. मागून दुसऱ्या एका मुलाचे हळूच उत्तर आले, बाजूच्या वाचनालयात कूलर नव्हता आणि तिथे वाचकही वाढले नाहीत. सरांनी खडू खाली ठेवला आणि त्या मुलाकडे असे पाहिले, जणू त्याने त्यांना हात धरून पलीकडे नेले होते.

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील, ज्यांचा विषय त्यांच्या अंगात मुरलेला असतो. सर भाजीवालीशीही याच रीतीने बोलत. मात्र त्यांनी कुणाला वादात हरवल्याचे मला आठवत नाही. समोरच्याचे म्हणणे दुबळे दिसले तर आधी ते सावरून देत, मग त्यावर विचार करत. ते जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्या खोलीत कुणाचे तरी गोदाम आहे, आणि शिंप्याच्या जागी काचेचे दुकान.

मी परीक्षा पास झाले. नेमणूक आली ती चंद्रपूरची. बाबांनी पत्र घडी करून देवघरात ठेवले आणि म्हणाले, "अनोळखी गाव, एकटी पोरगी. नाही पाठवायची."

सर घरी आले. माझी बाजू मांडतील म्हणून मी दाराआड उभी राहिले. पण ते बाबांना म्हणाले, "भाऊ, तुमचं म्हणणं बराबर आहे. फक्त कच्चं आहे. ते पक्कं करून घेऊ." पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी तीन प्रश्न लिहिले: राहायला भल्या घरची खोली आहे का? आजारपणी पाहणारे कुणी आहे का? शाखेत दुसरी बाई आहे का? "यातलं एक जरी नाही निघालं, तर मीच पोरीले थांबवतो."

दाराआड मी ते तीन प्रश्न बोटांवर पुन्हा मोजले.

सर आणि बाबा पॅसेंजरने चंद्रपूरला गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. कपड्यांना कोळशाचा वास होता. सरांनी पाण्याचा पेला हातात घेतला, पण प्याले नाहीत. "खोली आहे. निवृत्त नर्सबाईचं घर आहे, आजारपणाची काळजी नाही. पण शाखेत बाई एकही नाही, पोरी. मी शब्द दिला होता."

मी मान खाली घातली. त्यांच्यावर रागावताही येत नव्हते. त्यांनी मला शिकवलेलेच ते करत होते.

बाबा खुंटीला टोपी अडकवत होते. पाठमोरेच म्हणाले, "मास्तर, बँकेच्या त्या खिडकीपाशी बाया किती होत्या?"

"असतील पाच-सहा."

"अंगठा कुठं द्यायचा, ते विचाराले लाजून राहिल्या होत्या. पदर दातात धरून नुसत्या उभ्या. आत विचारावं अशी एक बाई नाही." बाबा वळले. "तुमच्या कागदावरचं हे 'नाही' कोणाच्या बाजूनं आहे, ते पुन्हा पहा बरं."

सरांनी पत्रिका वर धरली. तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवले. मग ती घडी करून खिशात ठेवली, पाणी एका दमात प्याले, आणि चपला शोधत बाहेर पडले. निरोपही घेतला नाही. पायऱ्यांवरून उतरताना त्यांचे हसणे ऐकू आले.

बाबांनी देवघरातून ते पत्र आणले, माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "जा."