गावपळणीसाठी केलेला सुरा

१९५८ साल. माझे वय चोवीस, लग्नाला वर्ष पुरे झालेले नव्हते आणि मला सुरा पाहिजे होता. कोयता नव्हे, सुरा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या वाडीत अजून दोन-चार म्हातारे शिल्लक आहेत आणि ते ही गोष्ट उलटी सांगतात.

मी तिसरीत शाळा सोडली. शाळेनेच मला सोडले असे मास्तर म्हणत, पण ते त्यांचे मत. हत्यारातले मला कळते. घडीचा चाकू मी कधी जवळ बाळगला नाही. त्याच्या सांध्यात वाळू शिरते, मग तो उघडायचा तेव्हा मिटतो आणि मिटायचा तेव्हा बोटावर मिटतो. रानावनात, होडीवर, उघड्यावर राहायचे तर पाते मुठीत कायमचे बसलेले हवे. लोखंडाचे शेपूट मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेले हवे. नुसते अर्धे आत घालून लाखेने चिकटवलेले असले तर मूठ तुमच्या हातात आणि पाते झाडात राहते. पाते वितीएवढे पुरे. पाठ जाड. मुठीला रंग-रोगण नको, ओल्या हातातून निसटते. हे मला कोणी शिकवले नाही.

खरे म्हणजे एकाच्या कमरेला पाहिले होते. शेजारच्या वाडीचा एक जण मालाच्या बोटीवर कामाला होता, तो रजेवर आला तेव्हा कमरेला चामड्याच्या म्यानात सरळ सुरा लावून फिरे. खाडीच्या काठावर त्याने एका ओढीत जाड सुंभ कापला, त्याच्याच टोकाने कालव उघडले आणि पाते मांडीला पुसून परत म्यानात टाकले. ते पुसणे माझ्या डोळ्यांतून जाईना. कोयता असा पुसता येत नाही. कोयता आपला पाठीमागे कमरेच्या आकडीला लोंबत असतो, चालताना ढुंगणाला लागत.

त्या वर्षी देवाचा कौल झाला आणि गावपळण ठरली. आमच्या गावची ही रीत जुनी आहे. काही वर्षांनी सगळे गाव उठते आणि वेशीबाहेर जाऊन राहते. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, कोणी मागे राहायचे नाही. तीन दिवस गावात चूल पेटत नाही की दिवा लागत नाही. बाहेर ज्याने त्याने आपली खोप बांधायची आणि देवाने परत या म्हणेपर्यंत वेशीच्या आत पाऊल टाकायचे नाही. घरी काय विसरलात तर ते विसरलात.

बाबा म्हणाले, सगळ्यांची मिळून एक खोप बांधू. मी म्हटले, माझी वेगळी. लग्न झालेल्या माणसाला वेगळी खोप पाहिजे. आणि वेगळ्या खोपीला वेगळे हत्यार पाहिजे. लोहाराकडे, म्हणजे मेस्ताकडे गेलो. त्याच्यापाशी मोटारीच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचा, एक तुकडा पडलेला होता.

"ह्येचो कोयतो झकास होतलो," मेस्त म्हणाला.

"सुरो कर. सरळ."

"सुरो? बकरो कापतलस?"

"खोप बांधतलंय."

मेस्ताने भात्यावरचा हात काढला आणि माझ्याकडे नीट पाहिले. "सुऱ्यान मेढ तुटना नाय रे झिला. कोयत्याक पुढे वजन आसता, तो आपणच खाली जाता. सुऱ्याक तू ढकलूक होयो."

मेढ म्हणजे खोपीचा खांब. मी म्हटले, ढकलीन. त्याने केला. पाणीही चांगले दिले, खैराची मूठ बसवली. खोटे कशाला बोलू, काम सुंदर होते. चामड्याचे म्यान मी स्वतः शिवले, ते जरा वाकडे झाले.

घरी बाबांनी सुरा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. "बरो आसा. पण कोयतो म्हणजे घरचो माणूस. ह्यो पावणो. पावण्याक काम सांगूचा नसता."

बायको तर रोज काहीतरी बोले. "आयकलात? तुमच्या सुऱ्याक कांबळा घालू काय? वारो लागात."

घरात दोन कोयते होते. बाबांनी एक आपल्याबरोबर घेतला. दुसरा माझा. ढोल वाजला, गाव निघाले, तेव्हा तो खुंटीला होता आणि मी तो खुंटीलाच ठेवला. विसरून नव्हे. बरोबर कोयता असता तर लोक म्हणाले असते, सुरा नुसता मिरवायला आणलाय.

आमचा तळ पडला तो शेजारच्या गावच्या हद्दीत, व्हाळाच्या काठी. आणि ते गाव माझ्या सासऱ्यांचे. आम्ही गाठोडी उतरवतो न उतरवतो तोच सासरे हजर. कमरेला कोयता, खांद्यावर पंचा.

"जावयबापू, घर हंय हाकेवर आसताना चेडू रानात कित्याक निजात? घराकडे व्हरतंय तिका."

"नको मामानू. खोप बांधतंय मी."

सासरे सुऱ्याकडे बघून हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते. "बरा तर. दिवेलागणीक येतंय. छप्पर आसला तर चाय पितंय. नसला तर चेडवाक घेवन जातंय."

आजूबाजूला उतरलेल्या दहा घरच्या माणसांनी हे ऐकले. बायको माहेरी निजायला गेली म्हणजे काय, हे सांगायला नको. पुढच्या गावपळणीपर्यंत वाडीला दुसरा विषय लागला नसता.

व्हाळाच्या काठावर किंजळीची पोसलेली रोपटी होती. एक सरळ मेढ निवडली आणि सुरा मारला. कोयता झाडात जातो. सुरा झाडाला विचारून आत जातो. झाड नाही म्हणाले. मी पुन्हा विचारले. घाम निथळला, सालपटे उडाली, मेढ जागच्या जागी.

पलीकडे बाबांची खोप उभी राहत होती. तिथून हाक आली. "झिला, झाड पडला काय रे?"

"पडतला."

"पडताना माका हाक मार. बघूक येतंय."

थोड्या वेळाने पुन्हा. "माझो कोयतो होयो?"

"नको."

बायको गाठोड्यावर बसून बघत होती. म्हणाली, "मेढ तुटाक नाय, पण दाढी बरी केलात तिची."

मी तिथून उठलो. चिवारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या बारीक बांबूच्या काठ्या सुऱ्याने फोडायला घेतल्या. काठीच्या तोंडावर पाते ठेवायचे आणि पाठीवर दांडक्याने ठोकायचे. काठी अशी सरळ चिरत गेली की बाबांच्या खोपीकडचे दोघे उठून बघायला आले. जाड पाठ मी उगाच करून घेतली नव्हती. सुंभ तर एका ओढीत तुटे. म्हणजे वासे, कामट्या, बांधायचे सुंभ, घरून आणलेले माडाचे विणलेले झाप, सगळे तयार. फक्त ज्याच्यावर हे चढवायचे त्या मेढीच नव्हत्या. आणि सूर्य माडांच्या शेंड्यांच्या खाली गेलेला.

तळाच्या कडेला एक जुने काजूचे झाड होते, जमिनीलगत फांद्या पसरलेले. मी बघत राहिलो. फांद्यांना दोन बेळी, म्हणजे बेचकी होती, पुरुषभर उंच, जवळजवळ एका रेषेत. देवाने मेढी उभ्याच करून ठेवल्या होत्या, लोक उगाच तोडत बसतात. दोन बेळ्यांवर आडवी काठी टाकली, तिच्यावरून कामट्या जमिनीपर्यंत सोडल्या, वर झाप बांधले. एक बाजू आभाळाला, एक जमिनीला, आणि मधोमध घरातून आरपार गेलेली एक फांदी. बायकोने गाठोडे त्या फांदीला अडकवले. मग तीन दगड मांडून चूल पेटवली.

सासरे आले तेव्हा चहाला उकळी फुटलेली होती. वाकून आत शिरले आणि फांदी कपाळाला लागली.

"जावयबापू, ह्या घर की माकडाचो माळो?"

"मामानू, छप्पर आसा."

त्यांनी वर पाहिले, मान तिरकी करून खाली पाहिले. "आसा," म्हणाले. "वाकडा आसा, पण आसा." मग लेकीकडे वळले. "काय गो? येतंस घराक?"

मला वाटले, आता बोलते ही. दिवसभर तोंडाला खळ नव्हता. पण तिने चहाचा पेला उचलला आणि बापापुढे धरला.

"चाय घेवा बाबा. निवतली."

तेवढेच. सासऱ्यांनी पेला घेतला. पलीकडच्या खोपीत कोणीतरी हसले, पण ते हसणे वेगळे होते.

सासऱ्यांनी पानात बांगडे बांधून आणले होते. बायकोने माझ्या म्यानातला सुरा न विचारता काढून घेतला आणि बांगडे साफ केले. तोवर शेजारची काकी आली. तिची आदोळी, म्हणजे बसून चिरायची विळी, गावातच राहिली होती. मग तिची जाऊ आली. मग कोण कोण. माझा सुरा त्या दिवशी जितक्या हातांतून फिरला, तितका बाबांचा कोयता जन्मात फिरला नसेल. तो परत आला तेव्हा त्याला खवले चिकटलेले होते.

"सुरो बरो आसा," सासरे म्हणाले. "बांगड्यांक."

उठताना त्यांनी कमरेचा कोयता काढला आणि त्या आरपार फांदीला अडकवला.

"मामानू, कोयतो रवलो तुमचो."

"रवांदे. वाकान चलताना टोचता. तुझ्या घरात उभ्यान चलूक येणा नाय."

"सकाळी हाडून देतंय."

"दी," म्हणाले आणि पुन्हा कपाळ वाचवत बाहेर पडले.

बायको कोयत्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. मी म्हटले, हात लावायचा नाही त्याला. ती म्हणाली, "मी खंय लावतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, तळाला जाग यायच्या आत, मी कोयता घेऊन निघालो. दुसऱ्याचे हत्यार परत करायचे तर आधी त्याची धार बघून घ्यावी. वाटेत व्हाळाकडे कालची मेढ होती, तिच्यावर एकदा बघितली. मग शेजारच्या तिघींवर बघितली. चारही मेढी खोपीपाशी आणून टाकल्या, पाते गवतावर पुसले आणि सासऱ्यांच्या अंगणात जाऊन कोयता त्यांच्या हातात दिला.

"मामानू," म्हटले, "धार लावून घेवा. जरा बोथट आसा."