चढवलं कोणी?

मोटरमनकाकांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी त्यांची एक गाडी मनातल्या घाटात अडकून होती. ती सुटायची तर मेहुण्याच्या तोंडून एकच वाक्य निघायला हवं होतं: "दाजी, तुम्ही उतरलात म्हणून मी चढलो."

झालं होतं असं. घाटात विजेची गाडी नवीनच आली होती. कोळसा गेला, आणि नवऱ्याचा शर्ट मुळात पांढरा आहे हे काकूंना तेव्हा कळलं. वीज मात्र बेताचीच. म्हणून उतरणाऱ्या इंजिनाने वीज तयार करून वरच्या तारेत सोडायची आणि त्याच वेळी चढणाऱ्याने ती घ्यायची, अशी युक्ती. काका सकाळची उतरती गाडी आणायचे, काकूंचा धाकटा भाऊ चढती न्यायचा. अख्खं सासर-माहेर एका तारेला टांगलेलं!

एकदा गाडीला अवकाश आहे असं समजून काका वरच्या स्टेशनात न्हाव्यापुढे बसले. अर्धं डोकं झालं आणि स्टेशनमास्तर धापा टाकत आला.

"अहो, निघा! खाली तुमचा मेहुणा वळणावर खोळंबलाय. प्रवासी रानफुलं तोडत बसलेत!"

काका तसेच निघाले. त्यांची गाडी उताराला लागली आणि मेहुण्याच्या डब्यांतले मिणमिणते दिवे लख्ख झाले, गाडी हलली. मधल्या स्टेशनात दोघं समोरासमोर आले तेव्हा काकांनी खिडकीतून विचारलं, "पोचली का वीज?"

मेहुणा म्हणाला, "आधी डोकं झाका!"

झालं. तेव्हापासून चाळीस वर्षं प्रत्येक पंगतीला तेच.

"तार ढिली होती, दाजी. वारा आला, बसली जागेवर."

"वारा? अरे, माझी वीज खाऊन वर गेलास तू!"

"त्या विजेवर काय तुमचं नाव घातलं होतं?"

"अहो, जेवा आता," काकू म्हणायच्या. "एव्हाना विटलीसुद्धा असेल ती वीज."

आता मेहुणा कायमचा परगावी लेकीकडे चालला होता. गाडी सुटायला उरले चार दिवस. तेवढ्यात स्टेशनवाल्यांनी त्यांच्या वेळचं एक जुनं इंजिन रंगवून चौथऱ्यावर बसवलं आणि प्रतीक्षालयात लावायच्या फोटोसाठी दोघांना बोलावलं. चालकाची खुर्ची एकच. काका पहाटेपासून तयार. फोटोवाला यायच्या आत टुणकन चढून खुर्चीत बसलेसुद्धा.

मेहुणा शिडीच्या दुसऱ्या पायरीवर थांबला. गुडघे संपावर. वर जाता येईना, खाली उतरवेना.

"दाजी, हात द्या."

"देतो की. आधी ते वाक्य म्हण."

"कुठलं वाक्य? तार ढिली होती!"

"मग लटक."

"अगं ताई, बघ हे काय करतायत!"

"मला नका मध्ये घेऊ," खालून काकू म्हणाल्या. "मी पायीच बरी."

फोटोवाला घड्याळ बघायला लागला. मेहुण्याची दांडीवरची पकड सुटायला लागली. काकांनी खुर्चीकडे पाहिलं. उठलो तर गेली! मग मेहुण्याच्या टकलाकडे पाहिलं. चकचकीत, घामेजलेलं, आणि चार दिवसांत दिसेनासं होणारं. ते पुटपुटत उठले, पाय रोवले, दोन्ही दंड धरले आणि ओढलं. मेहुणा गोणीसारखा आत आला, काकांना भिंतीवर चेपून थेट खुर्चीत पडला.

"हसा!" फोटोवाला ओरडला.

नेमक्या त्याच क्षणी मेहुणा धापा टाकत म्हणाला, "दाजी... चढवलंत तुम्हीच. तेव्हाही."

खटक!

प्रतीक्षालयात तो फोटो लागलाय. खुर्चीत ऐटीत मेहुणा, आणि कडेला कुणाचं तरी एक कोपर. काका आठवड्यातून दोनदा तिथे जाऊन बसतात. तिकीट काढलेलं नसतं. शेजारी कुणी बसलं की ते फोटोकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "ते कोपर आहे ना, ते माझं."