एस्तेरने कोणाचेही पाय धुतले नाहीत

एस्तेर गेल्याची बातमी मला दुसऱ्याकडून कळली, आणि मी पलीकडच्याच खोलीत होतो. हे आरंभीच सांगून टाकतो. स्मरणार्थ उपासनेत असे सांगण्यात आले की अखेरच्या क्षणी धाकट्या बहिणीचा हात थोरल्या भावाच्या हातात होता आणि तिच्या ओठांवर प्रार्थना होती. माझ्या हातात वर्तमानपत्र होते. पोळा होऊन गेला होता, उन्हे कलली होती आणि ती रोजच्यासारखी पडवीत, फाटकाकडे तोंड करून खुर्चीवर बसली होती. बाहेरून देवरावचा आवाज आला, "बाई... ओ बाई..." त्याने काहीतरी आगळीक केली असेल आणि ती त्याच्याशी अबोला धरून बसली असेल, असे मी समजलो व पान उलटले. मग तो म्हणाला, "गुर्जी, बाई बोलून नाही राह्यल्या."

मी बाहेर आलो. देवराव पायरीखाली उभा होता. फवारणीचा पंप पाठीवर तसाच, सदरा पाठीला चिकटलेला, आणि दोन्ही हात अंगापासून लांब, पंख पसरावेत तसे धरलेले. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पण हात न धुता डोळे पुसायचे नाहीत, हा एस्तेरचा दंडक होता. "म्या हात नाही लावला बाईले," तो म्हणाला. "माये हात खराब हायेत." तिच्या कपाळाला हात मीच लावला. आमच्यात अशा वेळी 'प्रभूमध्ये निद्रिस्त झाली' असे म्हणतात. तिला झोपलेले मी पुष्कळदा पाहिले आहे. ती तशी दिसत नव्हती.

ज्यांना आमचे गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पांढरकवड्याच्या रस्त्यावरून केळापूरच्या अंगाने आत वळले की आमचे गाव लागते, आणि गावाच्या अगदी टोकाला एस्तेरचे घर आहे. शेतातून येणारी पांदण आमच्या कुंपणाला घासूनच गावात शिरते. एस्तेर सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होती. लग्न केले नाही. निवृत्त झाल्यावर तिने हे घर बांधले, आणि माझी पत्नी वारल्यावर मी याच गावच्या शाळामास्तरकीची पेन्शन घेऊन तिच्याकडे राहायला आलो. "दादा माझ्याकडं राहायले नाही, भांडायले आला," असे ती आल्यागेल्यास सांगे. त्यात तथ्य होते.

आता मुख्य आक्षेप. आमच्या पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितले, आणि मंडळीच्या मासिकातही तसेच छापून आले, की भगिनी एस्तेर प्रभूचा कित्ता गिरवून कष्टकऱ्यांचे पाय धूत असे. हे साफ चुकीचे आहे. एस्तेरने कोणाचेही पाय धुतले नाहीत. श्रावणापासून पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी सुरू झाली की ती फाटकाजवळच्या नळाखाली मोठ्या दोन बादल्या भरून ठेवी, दगडावर कपडे धुण्याच्या साबणाची वडी ठेवी, कुंपणावर जुनी लुगडी टाकी आणि सूर्य मावळेपर्यंत पांदणीतून येणाऱ्या प्रत्येक माणसाला अडवी. धुवायचे ज्याचे त्याने. ती कोणाला बोटही लावत नसे. ती फक्त ओरडे. "ए शहाण्या, कुठं चालला? सदरा काढ. मानेमागून धू. तसाच जाऊन लेकराले उचलशीन नं?" फवाऱ्याला गावात सगळेच औषध म्हणतात. तिच्यापुढे कोणी तो शब्द काढला की ती म्हणे, "औषध मी देत होती तीस वर्सं. हे जहर हाये." माणसे हसत, कुरकुरत, पण थांबत. एकजण म्हणाला होता, "बाई, लग्नात हळद उतरवली तवाबी मी एवढा नोयतो न्हालो." ती म्हणाली, "म्हणूनच तुयी बायको सालातून चारदा माहेरी पळते."

हे नम्रतेचे दर्शन होते असे ज्यांना वाटते त्यांनी ते खुशाल वाटून घ्यावे. परंतु मासिकाच्या संपादकांनी एक गोष्ट छापायची सोडून दिली, ती मी इथे लिहितो. फवारणीच्या दिवसांत संध्याकाळची उपासना एस्तेरकडून चुके. पऱ्हाटीला रविवार नसतो आणि फवारणाऱ्या मजुरालाही नसतो. त्या वेळी याच मंडळीच्या पंचांनी तिच्या गैरहजेरीची चर्चा केली होती, आणि एक गृहस्थ आमच्या पडवीत येऊन तिला रविवारी पाळायच्या शब्बाथाचे महत्त्व समजावून गेले होते. एस्तेरने त्यांना चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "उपासना सकाळी ठेवता काय?" ते चहा संपवून उठले. स्मरणार्थ उपासनेत सर्वांत लांब भाषण याच गृहस्थांचे झाले. मी उठून बोलणार होतो. पण शेजारी लक्ष्मणची बायको बसली होती. तिच्याकडे पाहून बसून राहिलो. लक्ष्मणविषयी पुढे सांगतो.

दुसरा समज गावातला. बाई साबण देऊन बाटवते, अशी कुजबुज एका हंगामात उठली होती. ती घेऊन फाटकाशी भांडायला आलेला माणूस म्हणजे हाच देवराव. तेव्हा त्याचे लग्न व्हायचे होते आणि रक्त गरम होते. "बाई, आमाले किरिस्ताव कराचा इचार हाये काय तुमचा?" असे त्याने चारचौघांत विचारले. एस्तेर म्हणाली, "माया साबणानं तुया धर्म बुडत असन तं आपला साबण घेऊन ये. पण धुतल्याबिगर इथून जाशीन तं याद राख." दुसऱ्या दिवशी देवराव खरोखरच स्वतःचा साबण घेऊन आला. अंघोळीचा, गुलाबी, वासाचा. एस्तेरने त्याला त्याबद्दलही झापले, की यानं तेलकट जहर निघत नाही, पैसे उधळू नको. तेव्हापासून तो आमचाच साबण वापरू लागला, आणि हिंदूच राहिला. तिने कोणाला येशूचे नाव सांगितलेले मी ऐकले नाही. ती स्वतःशी प्रार्थना करीत असेल तर ते तिचे ती जाणे; जेवणाआधी डोळे मिटत असे, तेही भात निवायच्या आत उघडत असे.

तिसरे विधान सर्वांत गोड आहे आणि म्हणून सर्वांत खोटे. एका शोकसभेत वक्त्याने सांगितले की एस्तेरबाईंमुळे असंख्य जीव वाचले. कोण वाचले? त्यांनी नावे सांगावीत. मला एकच नाव सांगता येते, आणि तो माणूस वाचला नाही.

लक्ष्मण आत्राम हा दुसऱ्यांच्या शेतांत रोजाने फवारणी करणारा. हसरा, कमी बोलणारा. एस्तेरच्या नळावर सर्वांत मन लावून धुणारा तोच होता. नखांच्या कडासुद्धा घासायचा, आणि ती त्याच्यावर कधी ओरडल्याचे मला आठवत नाही. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. फवारा वर मारावा लागे आणि तो अंगावर, तोंडावर परत येई. एस्तेरने नाकाला बांधायला लुगड्याचे तुकडे वाटले. उन्हात जीव कोंडतो म्हणून माणसे ते गळ्यात बांधून परत येत. लक्ष्मण आला, रोजच्यासारखे अंग धुऊन घरी गेला. त्या रात्री त्याला उलट्या झाल्या, दिसेनासे झाले. यवतमाळला नेले. चौथ्या दिवशी त्याला परत आणले ते मातीसाठी.

माती झाल्यावर लक्ष्मणची बायको आमच्या पडवीत आली. भांडायला नव्हे. तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. "बाई," ती म्हणाली, "थो तं रोज धूत होता नं तुमच्याकडं?" एस्तेरने मान डोलावली. मी आत गेलो. मला बसवेना.

त्या दिवशी जेवताना एस्तेरने डोळे मिटले आणि ते बराच वेळ उघडले नाहीत. मी वाट पाहिली. अखेर ती म्हणाली, "दादा, मंग हे धुणं कायले?" मी आयुष्यभर कोणाच्या प्रश्नाला निरुत्तर झालेलो नाही. मुख्याध्यापकांशी, सभापतींशी, पाळकांशी, पंचांशी बोललो आहे, आणि माझे म्हणणे मान्य झाले नसले तरी ऐकून घेतले गेले आहे. त्या दिवशी मी मुखपट्ट्या, हातमोजे, कृषी खाते, मी धाडलेली निवेदने यांविषयी पुष्कळ बोललो. सगळे खरे होते. तिने ऐकले की नाही मला माहीत नाही. ताट तसेच सारून ती उठली.

दुसऱ्या दिवशी उन्हे उतरताच तिने बादल्या भरल्या. मला राग आला. कोणावर, ते आजही सांगता येणार नाही. मी विचारले, "आता कायले?" ती साबणाची वडी दगडावर ठेवत म्हणाली, "थे इथून जातात, दादा. आपलं घर इथं हाये." एवढेच. तिची श्रद्धा अढळ होती, तिला शंका शिवली नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. यात कसलेही आश्वासन नाही. तिने ते स्वतःलाही दिले नव्हते. त्यानंतर प्रत्येक हंगामात, पाणी कमी असो की गुडघे दुखत असोत, ती फाटकाशी बसली. धुण्याने काही होते की नाही हे तिला कधीच कळले नाही, आणि ती गेली.

आता दसरा तोंडावर आला आहे आणि फवारणी अजून चालूच आहे. तिला पुरले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बादल्या मी भरतो. साबण ठेवतो, लुगडी टाकतो, तिच्या खुर्चीवर बसतो. माणसे पांदणीतून येतात, मला पाहून अदबीने थांबतात, "राम राम गुर्जी" किंवा "जय भीम गुर्जी" म्हणतात आणि पुढे जातात. पहिले काही दिवस मला वाटले, दुःखामुळे संकोचत असतील. मग मी बोलावू लागलो. "या, हातपाय धुऊन घ्या, पाणी भरून ठेवले आहे." ते हसतात. "घरीच धुतो, गुर्जी." घरी नळ नाही, हे मला माहीत आहे; बायको हापशावरून पाणी आणते, ते प्यायला पुरत नाही.

मागच्या आठवड्यात मी देवरावला स्पष्टच विचारले की तुम्ही का थांबत नाही. त्याने पंपाचा पट्टा सारखा केला. "खरं सांगू काय गुर्जी? तुमच्यापुढं सदरा काढाले लाज वाटते. तुमी आमाले शिकोलं." मी म्हणालो, बाईंपुढे नव्हती वाटत? "बाईची गोष्ट येगळी. त्या शिव्या देत, मंग थांबाच लागे. तुमी इनंती करता, गुर्जी. इनंतीले नाही म्हनता येते."

ज्या माणसाचे सगळ्या पंचक्रोशीशी भांडण झाले आहे त्याला एक मजूर सांगतो की तुम्हाला दरडावता येत नाही. दोन दिवस मी खोलीत, दार लावून, तिचे शब्द उच्चारून पाहिले. ते माझ्या तोंडात बसत नाहीत. माझ्या ओरडण्यात अपमान असतो. तिच्या ओरडण्यात तो नव्हता. मग काय होते, ते मला ऐकून ऐकूनही उमगलेले नाही.

काल संध्याकाळी देवराव आला. सदरा गळ्यापासून कमरेपर्यंत ओला होता आणि त्याचा उग्र वास फाटकापर्यंत येत होता. मी खुर्चीवरून उठलो, फाटक उघडून रस्त्यात उभा राहिलो. "देवराव," मी म्हणालो. तो थांबला. त्याने मान खाली घातली, शाळेत घालायचा तशीच. आता बोलायचे होते. आणि मी शब्द शोधू लागलो... नेटका, त्याला न दुखवणारा, पण टाळता न येणारा. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी त्याची मुलगी दिसली. शाळेत जाऊ लागलेली नाही अजून. "बाबा" करत ती धावत सुटली. देवराव मला म्हणाला, "येतो, गुर्जी," आणि चार पावले पुढे होऊन त्याने तिला उचलून घेतले. तिने दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले आणि ओल्या सदऱ्यावर गाल टेकवला.

माझ्यामागे बादल्या काठोकाठ भरलेल्या होत्या.