ड्वेन कोवारिक आणि दोन हजार एकशे चौदा यार्ड

मार्लीसच्या कॅफेत गल्ल्यामागे एक फोटो टांगलेला आहे, शहाऐंशी सालचा, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यातला. रॉड सीव्हर्स बगलेत चेंडू दाबून सुसाट निघालाय, एक पाय जमिनीवर, एक हवेत. खाली पितळी पट्टी: 'एका मोसमात चेंडू घेऊन धावलेले २,११४ यार्ड. शाळेचा विक्रम.' आणि फोटोच्या डाव्या कडेला, चौकटीत कसंबसं अर्धं मावलेलं, कुणाचं तरी भलंमोठं बूड आहे. ते ड्वेनचं.

"तुझा फोटो लागला नाही असं कोण म्हणतं?" कॉफी ओतता ओतता मार्लीस हमखास म्हणायची. "चेहरा तेवढा राहिला."

ड्वेन हसायचा. दोन मणाचा होता तेव्हाही हसायचा, आता तीन मणाचा झालाय तरी हसतो. ब्रूनिक गावच्या धान्यकोठारावर एकोणतीस वर्षं तो मक्याचे ट्रक काट्यावर घेतोय. अख्ख्या नेब्रास्कात माणसं एकमेकांच्या काट्यावर संशय घेतील, पण कोवारिकच्या काट्याबद्दल ब्र काढणार नाहीत. त्याच भरवशावर गावाने त्याच्या हातात साखळी दिली. दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना दोन काठ्या. शाळेच्या सामन्यात चार डावांत चेंडू दहा यार्ड पुढे गेला की नाही, ते तीच ठरवते. पुढची काठी ड्वेनची. त्या काठीपलीकडे चेंडू गेला तर पुन्हा चार डाव, नाहीतर चेंडू समोरच्यांना.

शनिवारी सकाळी मात्र हा भला माणूस भांडायला बसायचा. समोर रॉड. रॉड ट्रॅक्टर विकतो, आणि गिऱ्हाइकाला ट्रॅक्टरआधी तो विक्रम ऐकवतो.

"पुढे ढकलणाऱ्यांची लाइन सगळ्यांनाच असते," रॉड म्हणायचा. "पाय मला होते."

"पाय? तुझ्यापुढे आम्ही पाच जण नसतो ना, तर त्या वर्षी तू फक्त हाडांच्या डॉक्टरकडे धावला असतास. आम्ही असं भगदाड पाडायचो की त्यातून मार्लीसची आजीसुद्धा गेली असती."

"माझ्या आजीला मध्ये आणू नकोस," मार्लीस म्हणायची. "आणि गेली असती तर तिने निदान मागे वळून थँक यू म्हटलं असतं."

"विक्रम कसला, चोरीचा माल आहे तो," ड्वेन शेवटी म्हणायचा आणि खसखशीचं सारण भरलेला गोड पाव, कोलाची, तोंडात टाकायचा. सदतीस वर्षं हेच. कुणी जिंकत नव्हतं, आणि कुणाला जिंकायचीही घाई नव्हती.

मग यंदा टेट ब्रँडल नावाचं एक काटकुळं पोरगं उगवलं. सळसळत पळायचं. बघता बघता शेवटच्या सामन्याआधी त्याचे दोन हजार एक्केचाळीस यार्ड झाले. आणखी चौऱ्याहत्तर पळाला की रॉडची पितळी पट्टी निघाली.

काट्यावर येणारा प्रत्येक शेतकरी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारू लागला, "काय कोवारिक, आता खूश? रॉडचं नाक खाली येणार."

"खूश म्हणजे काय, प्रश्नच नाही," ड्वेन म्हणायचा.

पण घरी त्याच्या पानात जेवण उरायला लागलं. डुकराचं मांस आणि आंबट कोबी, त्याचा जीव की प्राण, तेही अर्धं. "दात दुखतोय का?" त्याची बायको जोलीन म्हणाली. नाही, दात कसला दुखतोय. तो आपल्या डाव्या हाताची दोन वाकडी बोटं बघत बसला होता. शहाऐंशीच्या तिसऱ्या सामन्यात मोडली ती, सरळ झालीच नाहीत. ती बांधून तो उरलेले सामने खेळला. त्या दोन हजार एकशे चौदांतले अर्धे तरी यार्ड त्याच्या डाव्या खांद्यापलीकडून गेले होते. काय गंमत आहे बघा. ज्या विक्रमाला जन्मभर चोरीचा माल म्हटलं, तो जायची वेळ आली तेव्हा ह्याला कळलं की चोरी आपल्याच घरी झालीय. आयुष्यात आणखी कशावर त्याचं नाव लागलं नव्हतं. ह्यावरही नव्हतं, पण हा त्याचा होता. तो जाऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

आमच्या मैदानाला दिवे नाहीत, त्यामुळे सामने शुक्रवारी दुपारी. दुकानं बंद, गाव कुंपणाला. ड्वेन काठी घेऊन उभा. टेट पळत होता, ड्वेन मनातल्या मनात मोजत होता. साठ. अडुसष्ट. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आपण तीन गुणांनी पुढे, चौथा डाव, आणि टेटने गर्दीत डोकं घातलं. त्र्याहत्तर. विक्रमाशी बरोबरी झाली, पण चेंडू काठीपर्यंत पोचला की नाही हे कुणालाच सांगता येईना. पोचला नसेल तर चेंडू समोरच्यांना, टेटचा मोसम तिथेच संपला, आणि रॉडचा विक्रम निदान अर्धा तरी शाबूत. पंचाने साखळी मागवली.

ड्वेन मैदानात गेला. साखळीचं दुसरं टोक म्हाताऱ्या एल्डनच्या हातात, आणि एल्डनची पकड म्हणजे नुसती नावाला. एक हिसडा दिला तर काठी दोन बोटं पुढे टेकली असती. कुणाच्या बापाला कळलं नसतं. कोवारिकने मापलंय म्हटल्यावर विचारतो कोण?

त्याने मान वर केली. टेट पार कडेला उभा राहून पाणी पीत होता, हसत होता कुणाशी तरी. आणि इथे, चेंडूपाशी, चिखलात गुडघे टेकून एक पोरगा बसला होता. गारेट युरिश, लाइनमधला डाव्या बाजूचा गार्ड, ड्वेन खेळायचा त्याच जागेवरचा. नाकातून रक्त ओठावर आलं होतं, ते पुसायचं भान नव्हतं. तो श्वास धरून काठीचं टोक बघत होता. त्याच्याकडे दुसरं कुणीच बघत नव्हतं.

 ड्वेनने साखळी नेहमीसारखी ताणली, बेताने, आणि काठी जिथे यायला हवी तिथे टेकवली. चेंडूचं नाक एक बोट पुढे होतं.

पुढच्याच डावात गारेटने दोन जणांना असं ढकलत नेलं की दार सताड उघडलं, आणि टेट त्यातून अकरा यार्ड गेला. भोंग्यावर टेटचं नाव दुमदुमलं. सामना संपल्यावर सगळं गाव टेटकडे धावलं.

ड्वेन गारेटकडे गेला. "पोरा, दोन हजार एकशे पंचवीस झाले. त्यातले तुझे किती?"

"माझे?" गारेट गोंधळला. "टेट पळाला, मिस्टर कोवारिक. मी नुसता ढकलत होतो."

"मी पण नुसता ढकलतच होतो. हे घे, नाक पूस." ड्वेनने रुमाल दिला. "हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. हा विक्रम माझा होता, आता तुझा आहे. उद्या सकाळी मार्लीसकडे ये, ह्यावर भांडायचं कसं ते शिकवतो."

पोरगं रक्ताळलेल्या दातांनी हसलं.

ड्वेन साखळी गुंडाळायला लागला तेव्हा रॉड आला. हात खिशात, टोपी मागे सरकलेली. 

"गेला रे ड्वेन, आपला विक्रम."

ड्वेन थांबला. "आपला? होता तोवर तुझा, आणि गेल्यावर आपला?"

 रॉडने वाकून साखळीचं दुसरं टोक उचललं, काठी खांद्यावर घेतली. शेड मैदानाच्या पार त्या टोकाला होती, आणि मधे अजून टेटभोवतीची गर्दी.

"चल, हो पुढे," ड्वेन म्हणाला.

"तू हो," रॉड म्हणाला. "मला तुझ्या मागून जायची सवय आहे."