डोक्यावर घेतलेला बँड

उत्तरेच्या यात्रेत दुर्गाघाटावरून नावेत बसलो, तेव्हा भाऊ आणि मी भांडत होतो. विषय कॉलेजपासूनचा, नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश गिटार बँडपैकी थोर कोण? माझा बँड जगाने डोक्यावर घेतलेला, भावाचा दोन अल्बम काढून गुपचूप संपलेला. शेवटी भाऊ चिडून तोंड फिरवून बसला.

समोर साठीच्या एक बाई होत्या. नाकात चमकी, मांडीवर भाजीची पिशवी. त्यांची बोटं पिशवीवर ताल धरत होती.

"बीचमध्ये बोलते, माफ करा," त्या म्हणाल्या. "मी इथलीच, पिढ्यांपासूनची मराठी. तेव्हा आमच्याकडे एक इंग्रज मुलगी भाड्याने राहायची, दिवसभर हेच वाजवायची. तुमचा बँड लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय. यांचा खरा."

भाऊ गर्रकन वळला. बाईंनी डोळे मिटून त्याच्या बँडचं एक गाणं सुरू केलं. शब्द इंग्रजी, हरकती मात्र ठुमरीच्या. नावाडी वल्हं थांबवून ऐकत राहिला. भावाचे डोळे भरून आले. हे गाणं येणारं दुसरं माणूस त्याला आजवर भेटलंच नव्हतं.

ते संपताच बाईंनी श्वास घेतला आणि थेट माझ्या बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं उचललं.

"अहो, पण तुम्हाला तर तो आवडत नाही ना?" मी विचारलं.

"उगाच डोक्यावर घेतलाय म्हटलं," त्या हसल्या, "आवडत नाही असं थोडीच म्हटलं!"

मग आम्ही तिघं मोकळ्या गळ्याने गायलो. भाऊ सगळ्यात मोठ्याने.